पेवातली वाकळ

वाकळ आली ती खताच्या पोत्यात. पोत्याच्या तोंडाला सुतळी, सुतळीवर लाखेचं सील, चिठ्ठीवर पंचांच्या सह्या नि अंगठे, सगळं रीतसर होतं. पण पोत्याला आतून प्लास्टिकचं अस्तर. कापड प्लास्टिकमध्ये कोंडलं की दमट होतं, बुरशी धरतं आणि आम्हाला हवं असतं नेमकं तेच सडून जातं, हे मी त्या ठाण्याला किमान दहा वेळा सांगितलं असेल. फोन लावून मी हवालदाराला झाडलं. तो म्हणाला, "म्याडम, कागदी पिशवीत वाकळ कशी मावंल?" त्याचंही खरंच होतं, जुन्या लुगड्यांची जाड गोधडी ती. तरी मी झाडलंच.

आमची प्रयोगशाळा शेजारच्या जिल्ह्यात आहे, पण धाराशिवच्या पुष्कळ केसेस आमच्याकडं येतात, आणि मी स्वतः मुरुमची. डीएनएच्या विभागात मला 'सोवळ्यातली बाई' म्हणतात. टेबल तीनदा पुसल्याशिवाय मी पाकीट उघडत नाही. हातमोज्यांवर हातमोजे घालते. नमुना समोर असताना मास्कमधूनही कुणाला बोलू देत नाही. आमचं घर बौद्ध, तिथं हे सोवळं कुठून शिरलं म्हणून त्या नावाचं मलाच हसू येतं. पण नाव ठेवणाऱ्यांपैकी प्रत्येकाच्या हातून कधी ना कधी नमुना बिघडलेला आहे आणि माझ्या हातून कधीच नाही, याचा मला गर्व होता. तो उघड उघड होता, लपवायचं काही कारण नाही.

काचेवरचा, लोखंडावरचा डाग पुसून घेता येतो. कापूस, कापड, दोरा यांचं तसं नसतं. ते पितात. त्यांनी प्यायलेलं परत काढायचं म्हणजे बारीक तुकडा कापायचा, द्रावणात बुडवायचा, रात्रभर ऊब द्यायची, मग तो तुकडा जाळीच्या ट्यूबमध्ये टाकून गरागरा फिरवायचा, म्हणजे धाग्यांनी धरून ठेवलेलं खाली उतरतं. सगळं कधीच उतरत नाही. थोडं कापड ठेवूनच घेतं.

ही वाकळ सापडली होती कळंब तालुक्यातल्या एका गावात, जुन्या पांढरीच्या, म्हणजे उठून गेलेल्या वस्तीच्या, टेकाडावर. तिथं एक पेव होतं. पेव म्हणजे जमिनीखालचं धान्याचं कोठार. वर माणूस उतरेल एवढं तोंड आणि आत अंधारी खोली. आता ज्वारी कुणी पेवात ठेवत नाही, त्यामुळं लोक ते विसरूनच गेले होते. एक दिवस तोंडावरची फरशी खचून शेळी आत पडली. तिला काढायला जे उतरले ते शेळीला तिथंच सोडून वर आले. आत माणसाची हाडं होती आणि हाडांवर चुन्याची पोती रिकामी केलेली होती.

वाकळ हाडांवर नव्हती, हाडांखालीही नव्हती. पेवाच्या कडेला, कोरड्या जागेत, चौपदरी घडी घालून ठेवलेली होती. पंचनाम्यातला फोटो मी बराच वेळ पाहिला. आधी माणूस टाकलं, वर चुना ओतला आणि मग कुणीतरी त्या अंधारात उभं राहून वाकळेची काठाला काठ जुळवून घडी घातली. असं कोण करतं, हा प्रश्न माझ्या कामाचा नव्हता. तरी तो डोक्यातून जाईना.

ती हाडं एकाच मुलीची असावीत असा संशय होता. उमरगा तालुक्यातली मुलगी, कळंबकडं दिलेली. तीन वर्षांपूर्वी, लग्नाला वर्ष व्हायच्या आत, नांदत्या घरातून नाहीशी झाली. सासरचे म्हणाले, कुणाचा तरी हात धरून गेली. तिची आई त्याच सुमारास वारली होती, भाऊ नव्हता, उरला एक बाप. बापाला ठाण्यात वाकळ दाखवली तर तो म्हणाला, वाकळेसारखी वाकळ आहे, हे बायकांना कळतं, बायको असती तर तिनं सांगितलं असतं. त्याच्या रक्ताचा नमुना आमच्याकडं आला. हाडांमधून मात्र काहीच निघेना. दोनदा दळली, दोनदा कोरी. राहिली वाकळ. तिच्यात निजणारं माणूस त्या बापाची लेक ठरलं, तर त्या हाडांना नाव मिळणार होतं. नाहीतर ती बेवारस म्हणून पुरली जाणार होती.

वाकळ मी अंधाऱ्या खोलीत लांब टेबलावर पसरली. बाहेर दुपारचे बारा वाजले होते, पण त्या खोलीला खिडकीच नाही. दिवा मालवला, नारिंगी चष्मा लावला आणि निळा उजेड टाकला. लाळ, घाम, असलं काही सुकलेलं असेल तर या उजेडात फिकट चमकतं. मोठे तपकिरी डाग काळेच राहिले. ते रक्त नव्हतं, चहा आणि केळीचा चीक होता. पण टाक्यांच्या ओळींवर ठिपके दिसायला लागले. एक इथं, पुढचा हातभर अंतरावर. मग आणखी एक हातभर. पुढच्या ओळीतही तसंच. मी उजेड सरकवत गेले आणि ठिपके उठत गेले, अख्ख्या वाकळेवर, मोजून-मापून ठेवल्यासारखे. तोंडाची बाजू, पायाची बाजू, मध्य, सगळीकडं. शेवटच्या पाच-सहा ओळींत ते फिकट होत गेले आणि अगदी शेवटच्या ओळीत नव्हतेच.

इतक्या वर्षांत मी असं पाहिलं नव्हतं. माणूस निजताना लाळ गाळतं ती उशाला, एका जागी. हातभर अंतरावर ओळीनं कोण लाळ गाळेल? माझ्या मानेवर काटा आला. मी दिवा लावला, वाकळ पुन्हा साधी मळकी वाकळ झाली, आणि त्या भीतीचा मला रागच आला. रागाच्या भरात मी विचार करायचा सोडून कामाला लागले. ठिपक्यांच्या जागी दोऱ्याच्या गाठी होत्या, कडक झालेल्या. चार गाठी कापल्या, चार ट्यूबांत टाकल्या.

आठवड्यानं निकाल आला तो पाहून साहेबांनीसुद्धा मान हलवली. तीन वर्षं पेवात पडलेल्या कापडातून एका बाईचा पूर्ण, स्वच्छ प्रोफाइल. कुठं गळती नाही, कुठं सरमिसळ नाही. प्रोफाइल म्हणजे आकड्यांच्या वीस-बावीस जोड्या. प्रत्येक जोडीतला एक आकडा आईकडून येतो, एक बापाकडून. त्यामुळं बाप-लेक असतील तर प्रत्येक जोडीत निदान एक आकडा सारखा निघतोच. मी दोन्ही कागद शेजारी ठेवले. निम्म्याहून जास्त जोड्यांत काहीच जुळत नव्हतं. ही बाई त्या माणसाची मुलगी नव्हती.

अहवालात मी एवढंच लिहिलं की वाकळेवर मिळालेला स्त्रीचा डीएनए रक्तनमुना देणाऱ्या व्यक्तीच्या अपत्याचा नाही. सही केली. ठाण्यात तो अहवाल बापाला एका वाक्यात सांगितला गेला: मामा, ती तुमची पोरगी न्हाय.

पंधरा दिवसांनी गेटवरच्या पहारेकऱ्यानं मला खाली बोलावलं. आम्ही पक्षकारांना भेटत नाही, तसा नियम आहे. पण तो म्हणाला, म्हातारा सकाळपासून बसलाय आणि कुणाला त्रास देत नाही, त्यानंच जास्त त्रास होतोय. मी गेले. धोतर, पांढरी टोपी, कपाळावर कुंकवाचा मळवट. हातात पेढ्यांचा पुडा होता.

"तुमीच तपासली म्हणं वाकळ."

"मामा, मला तुमच्याशी केसबद्दल बोलता येत नाही."

"बोलू नगा. म्या बोलतो, तुमी ऐका." त्यानं पुडा सोडला. "तुळजापूरवरनं आलो थेट. लेक जित्ती हाय आसं कळलं तर पायी यीन म्हणलं हुतं आईला. मुरुमपस्नं पायी गेलो. चार दिस लागले."

"मुरुमपासून?"

"आमचं गाव त्याच्या बाजूलाच. तुमी कुटल्या?"

मुरुमची, म्हटल्यावर त्याचा चेहरा खुलला. "मंग आपल्याच की! तरीच म्हणलं, बोलणं वळखीचं वाटालंय." मग तो हळू आवाजात म्हणाला, "भावकी म्हणत हुती दहावं घाल. दर्भाची बाहुली करून जाळ म्हणं, सुटशील. आता म्या सांगितलं समद्यांला, माजी लेक जित्ती हाय. कुणाचा हात धरून गेली आसंल तर जाऊ द्या. आपल्याला काय न्हाय त्याचं. आता रातचं कडी लावत न्हाय म्या दाराला. आली म्हंजी?"

मी पेढा घेतला. तसं घ्यायला नको होतं, पण त्याच्या हाताला नाही म्हणवेना. मी काही खोटं सांगितलेलं नव्हतं, आणि एका माणसाला चांगली बातमी दिल्याचा आनंदही झाला होता. आमच्या कामात तो फार दुर्मीळ असतो.

पुढच्या रविवारी मी मुरुमला भावाकडं गेले. जेवणं झाली, भाऊ लवंडला, भावजय शेजारी गेली. भावाच्या शर्टाचं बटण लोंबत होतं ते लावून टाकावं म्हणून मी फडताळातून आईचा डबा काढला. आई जाऊन तेव्हा अडीच वर्षं झाली होती, पण तिचा सुईदोऱ्याचा डबा कुणी हलवला नव्हता. मी हातभर दोरा तोडला आणि सुईत घालायच्या आधी त्याचं टोक ओठांत धरून ओलं केलं.

तशीच थांबले. दोरा तोंडात होता. हातभर दोरा.

माझी आई वाकळा शिवायची. आमच्याकडं वाकळ म्हणतात, सीमेपलीकडं कर्नाटकात कौदी म्हणतात, ती दोन्हीकडच्यांना शिवून द्यायची. गिऱ्हाईक जुनी लुगडी आणून टाकायचं, आई ती अंगणात अंथरून त्यावर उकिडवी बसायची आणि एका कडेकडून दुसऱ्या कडेकडं ओळीनं शिवत जायची. दोरा नेहमी हातभरच घ्यायची. लांब घेतला की गुंततो. प्रत्येक दोऱ्याला आधी टोक ओठांत, मग सुईत, आणि संपत आला की गाठ मारून तोंड खाली नेऊन दातानं तोड. कात्रीला हात लावायची नाही. एका वाकळेत असे शेकडो दोरे जायचे. पूर्वी गावातल्या काही बाया तयार वाकळ न्यायच्या आधी तिच्यावर पाणी शिंपडायच्या, म्हणजे आमच्या घरचा विटाळ जावा. आई त्यांच्यासमोर काही बोलायची नाही. त्या गेल्या की मला म्हणायची, "पानी चालत न्हाय त्यांला आपलं. थुकी मातुर जन्मभर अंगावर घिऊन निजत्यात!" आणि पदर तोंडाला लावून हसायची. मीही हसायचे. हे वाक्य ऐकत मी लहानाची मोठी झाले, आणि त्या अंधाऱ्या खोलीत गाठींवरचे ठिपके समोर चमकत असताना ते मला आठवलं नाही. विभागातल्या दुसऱ्या कुणाच्या आईनं वाकळा शिवलेल्या नव्हत्या. कळायला हवं होतं ते मलाच.

मी निजणारीचा शोध घेत होते आणि शिवणारीला पकडलं होतं. बापाला जे सांगितलं गेलं त्याला काही अर्थ नव्हता. बटण तसंच राहिलं. मी भावाला न उठवता संध्याकाळची एसटी धरली.

तोपर्यंत माझ्या मनात एवढंच होतं की ती कुणीतरी शिवणारी बाई असेल. खरंच सांगते, एवढंच होतं.

सोमवारी सगळ्यांच्या आधी मी प्रयोगशाळेत पोचले. फाईल काढली, आलेखाचा कागद टेबलावर ठेवला. आम्हा सगळ्यांचे स्वतःचे प्रोफाइल नोंदवलेले असतात, कारण आपलाच थेंब नमुन्यात पडला तर ओळखता यावा. मला माझे आकडे पाठ आहेत. पहिल्या जोडीतला एक आकडा माझा होता. त्यात काही विशेष नाही. दुसऱ्या जोडीतही एक माझा. तिसऱ्या. चौथ्या. मी बोट ठेवून खाली जात राहिले. माझीच थुंकी पडली असती तर दोन्ही आकडे माझे आले असते. तसं असतं तर संगणकानं केव्हाच ओरडून सांगितलं असतं. अर्ध्या जुळण्यावर तो ओरडत नाही. प्रत्येक जोडीत एकच आकडा माझा होता, शेवटच्या जोडीपर्यंत. अशी बाई जगात दोनच प्रकारची असू शकते. आई किंवा मुलगी. मला मुलगी नाही.

ती अडीच वर्षांपूर्वी गेली होती. तिला आम्ही अग्नी दिला होता, मी स्वतः उभी होते. आणि ती इथं, माझ्यासमोर, ए-फोर कागदावर होती, केस नंबरच्या खाली. तळमजल्यावरच्या फ्रीजरमध्ये एका नखाएवढ्या ट्यूबमध्येही होती, उणे वीस अंशांत. आणि त्याआधी एवढे दिवस पेवात होती. शेवटी शेवटी तिचं तोंड सारखं कोरडं पडायचं, घोटघोट पाणी पीत शिवायला बसायची, हे आठवलं तेव्हा शेवटच्या ओळींतले फिकट ठिपके मला कळले आणि मी टेबलावर डोकं ठेवून रडले. मला भीती वाटत होती. आईची भीती वाटते असं मला तोपर्यंत कधी झालं नव्हतं.

आणखी एक गोष्ट मला डाचत होती. मी तिच्या हातची वाकळ ओळखली नाही. टाका न् टाका चष्म्यातून पाहिला, मोजला, कापला, आणि ओळखला नाही.

मी गप्प बसले असते तर कुणालाही कळलं नसतं. वाटलंच तसं, नाही कशाला म्हणू? माझा कधीही न चुकलेला हात, माझं ते सोवळं, सगळं शाबूत राहिलं असतं. आणि म्हातारा दाराची कडी न लावता सुखानं झोपत राहिला असता. त्याचं सुख काढून घ्यायचा मला काय अधिकार, असं मी स्वतःला दोन दिवस समजावलं. पण कुणाचं तरी लेकरू चुन्याखाली निनावी पडलं होतं, आणि ते तसं पडावं अशी सोय माझ्या सहीनं झाली होती. बुधवारी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुम्हाला खात्री आहे? म्हणजे, आई तुमची आहे म्हणून वाटतंय असं तर नाही?"

"सर, आकडे माझे आहेत. अर्धे."

माझा आणि भावाचा नमुना रीतसर घेतला गेला. शंका उरली नाही. मला त्या केसमधून बाजूला केलं, तेही बरोबरच होतं. वाकळ आता माझ्या सहकारणीकडं गेली. ती शहरात वाढलेली, पंखा आणि चादरीतली. तिनं विचारलं, "आता कुठून कापू? सगळीकडं टाकेच टाके आहेत."

मी टेबलापासून लांब, दारातच उभी होते. म्हटलं, "एका कडेला लाल पट्टी असेल बघ. पायाची बाजू तोंडावर येऊ नये म्हणून आई डोक्याच्या बाजूला लाल पट्टी लावायची. पट्टी उसव, आणि टाक्यांपासून लांबचं, आतल्या पदराचं कापड घे. आणि ही घरी धुतलेली नसणार, नाहीतर ते ठिपके उरलेच नसते. आमच्याकडं वाकळा वर्षातून एकदा नवरात्राच्या आधी धुतात. मुलगी त्याच्या आधी गेली. वर्षभराचा घाम तसाच असेल आत."

"तुला हे सगळं आधीच माहीत होतं?"

"होतं," मी म्हणाले.

ते आठ-दहा दिवस मी तळमजल्यावर जायचं टाळलं. फ्रीजरवरून जावं लागलं की पावलं भराभर पडायची. एकदा जेवणाच्या सुट्टीत खाली कुणी नव्हतं आणि मी त्या फ्रीजरच्या दाराशी जाऊन उभी राहिले. हात लावायची मला परवानगी नव्हती, लावलाही नाही. आत मोटार घुरघुरत होती. मला उगाच वाटलं की मी बोलले तर आतून उत्तर येईल. मी जिना चढून वर आले.

लाल पट्टीच्या आतल्या पदरात एका तरुण बाईचा डीएनए निघाला. म्हाताऱ्याच्या रक्ताशी प्रत्येक जोडीतला एक आकडा जुळला.  सहकारणी कागद माझ्या टेबलावर पालथा ठेवून चहाला गेली.

सुधारित अहवाल गेला. सासरच्यांना पकडलं. खटला धाराशिवच्या कोर्टात उभा राहायला पुढं दीड वर्ष गेलं, आणि पहिल्या अहवालावर सही माझी होती म्हणून मला साक्षीला बोलावणं आलं. आरोपीच्या वकिलाला तर आयतंच सापडलं होतं. पहिला अहवाल म्हणतो मुलगी नाही, दुसरा म्हणतो मुलगी आहे, मग बाई, तुमची प्रयोगशाळा खोटं कधी बोलते, पहिल्यांदा की दुसऱ्यांदा? मी सांगितलं, की पहिला डीएनए शिवणारीचा होता. तो म्हणाला, आणि ही शिवणारी कोण म्हणे? मी सांगितलं, माझी आई. कोर्टात कुणीतरी हसलं. मी तासभर तेच समजावत राहिले: सुकलेली लाळ म्हणजे काय, कापूस ती कशी धरून ठेवतो, ती तिथं असणं म्हणजे माणूस तिथं असणं नव्हे. वाकळेची घडी कुणी घातली हे मात्र सबंध खटल्यात कुणीच सांगितलं नाही.

बाहेर आले तर म्हातारा आवारातल्या लिंबाखाली बसला होता. मला पाहून उठला. मला त्याला तोंड दाखवायची लाज वाटत होती. त्याच्या लेकीला मी एकदा जिवंत केलं होतं आणि एकदा मारलं होतं, दोन्ही वेळा कागदावर.

"मामा, माझ्यामुळं तुम्हाला..." मी सुरुवात केली.

त्यानं हातानं थांबवलं. "आत काय काय बोलल्या, समदं न्हाय कळलं मला. येवढं सांगा. त्या वाकळंत दोगी हुत्या म्हणल्या तुमी."

"हो."

"येक माजी लेक."

"हो."

"आन येक तुमची आई. मुरुमची. माज्या मंडळीनंच शिवून आणली आसंल मंग तिच्याकडनं, पोरीच्या लग्नात." मग त्यानं विचारलं, "हाय का आई?"

"नाही. गेली."

त्यानं मान हलवली. टोपी काढली, तोंड पुसलं, पुन्हा घातली. मग म्हणाला, "माज्या पोरीला अंधाराचं लई भ्या हुतं. लगीन झालं तरी दिवा लावून निजायची. त्या पेवाचं कळल्यापस्नं माज्या डोळ्यापुढनं त्योच अंधार जाईना बगा." त्यानं माझ्याकडं पाहिलं. "मंजी येकटी नव्हती ती. बाईमाणूस हुतं जवळ."

माझ्याकडं सगळं उत्तर तयार होतं. नुसती लाळ असते ती, सुकलेली. ती बघत नाही, ऐकत नाही, कुणाच्या जवळ बसत नाही. आत्ताच तासभर शपथेवर मी तेच सांगून आले होते.

"व्हय मामा," मी म्हणाले, "एकटी नव्हती."